तुम्ही विचारलंत म्हणून: ओट्याला पायरी का?

“मापात चूक झाली का हो?”

पाणी प्यायला स्वयंपाकघरात डोकावणारा प्रत्येक जण मला हे विचारतो. कुणी हसत, कुणी इतक्या हळू आवाजात, जणू घरातल्या कुणाच्या आजारपणाची चौकशी चाललीय. ओटा ३६ इंच उंचीचा. शेगडीपासून सिंकपर्यंत नीट सरळ येतो आणि सिंकच्या पलीकडे शेवटचा अडीच फुटांचा तुकडा एकदम ६ इंच खाली जातो. पायरीच. मेव्हण्याने तर फोटो काढून कुणाकुणाला पाठवला. नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरने काम सोडून आधी हेच विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत “होतं असं कधीकधी” म्हणून माझं सांत्वनही केलं.

आजवर मी तीन उत्तरं दिली आहेत. “डिझाइन आहे.” “दगड कमी पडला.” “ब्रेड मळायला लागतो.” पहिली दोन थापा आहेत. तिसरं खरं आहे, पण तेवढंच नाही. म्हणून एकदा लिहून टाकतो. स्वयंपाकघर मी स्वतः केलं आणि घरात केक-ब्रेडही मीच करतो, हे विचारणाऱ्यांना ठाऊक असतं. म्हणूनच तर विचारताना त्यांच्या डोळ्यांत ती चमक असते.

आधी बचाव करून घेतो. भाजी चिरायला ओटा कोपराच्या चार ते सहा इंच खाली असला की पुरतं. पीठ मळणं वेगळं. तिथे नुसत्या मनगटाने भागत नाही, अंगाचा भार द्यावा लागतो. हात सरळ खाली सोडून मूठ आवळली की ती जिथे येते, साधारण तिथे ओटा हवा. मग खांद्यापासूनचं वजन पिठात उतरतं आणि दहा मिनिटं मळूनही दंड भरून येत नाहीत. माझी उंची ५ फूट १० इंच, माझी मूठ ३० इंचांवर येते आणि ओट्याचा खालचा तुकडाही बरोबर ३० इंचांवर आहे. बघा, केवढा विचार केलाय!

विचार नंतर केलाय. तुकडा आधी खाली आला.

पाच वर्षांपूर्वी आई महिनाभर ताईकडे राहायला गेली होती, तेव्हा मी जुना ओटा फोडला. ती परत आल्यावर तिला चकित करायचं होतं. आखणी मी फार अभ्यास करून केली होती. शेगडी, सिंक आणि फ्रिज यांचा त्रिकोण मनात धरायचा आणि त्याच्या तिन्ही बाजू मिळून १३ ते २६ फुटांत बसवायच्या, असा एक जुना नियम आहे. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या अभ्यासातून तो पुढे आला. माझा त्रिकोण १७ फूट भरला तेव्हा मी एकटाच खूश झालो होतो. ड्रॉवर ओढल्यावर मागे उभं राहायला किती जागा उरते, ते खडूने फरशीवर आखून पाहिलं. ओव्हनचं दार खाली उघडतं म्हणून त्याच्यासमोर तीन फूट मोकळे सोडले. उंचीपाशी आलो आणि सगळीकडे दिसणारा आकडा, ३६ इंच, तसाच कागदावर उतरवला. सगळं आडवं मोजलं, उभं काही मोजलंच नाही.

आई ४ फूट १० इंच आहे. तिचं कोपरच ३६ इंचांवर येतं. जुना ओटा ३० इंचांचा होता, आणि तो कुणी चुकून बुटका बांधलेला नव्हता.

आजच्या सलग ओट्याच्या स्वयंपाकघराची आजी म्हणजे १९२६ सालचं ‘फ्रँकफुर्ट किचन’. मार्गारेटे श्युट्टे-लिहोट्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी ते आखलं. कुठल्या कामाला किती पावलं पडतात, किती वेळ जातो याचा हिशेब मांडून केलेली तशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं फ्रँकफुर्टच्या नव्या वसाहतींत बसली. पुढे बाईंनी स्वतःच सांगितलं, की तोवर त्यांनी कधी स्वयंपाक केलेला नव्हता. हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. मी निदान रोज करतो! मग पुढचं वाचलं. खिडकीखालच्या कामाच्या जागेपाशी त्यांनी एक फिरतं स्टूल दिलं होतं, बसून चिरता-निवडता यावं म्हणून. कधी भाजी न चिरलेल्या बाईंना हे सुचलं, आणि मला सुचलं नाही.

आई आली त्या दिवशी मी लिंबाची साल किसून घातलेला साधा स्पंज करून ठेवला होता. तिने ओट्यावरून हात फिरवला, दोन ड्रॉवर उघडून मिटले, “छान झालंय, उजेड वाढला” म्हणाली. दुसऱ्या दिवशी पहाटे खर्रर्र असा आवाज आला म्हणून उठून गेलो. आईने लाकडी पाट फरशीवरून ओढत ओट्याशी आणला होता आणि त्यावर उभी राहून ती पीठ मळत होती.

“अगं, पडशील.”

“होईल सवय.”

कुणाला, ते ती म्हणाली नाही. मला झाली. आठवड्याभरात तो आवाज मला ऐकू येईनासा झाला.

तेव्हाच्या माझ्याशी मी अजून भांडतो. त्याच्याकडे उत्तरं तयार असतात. दगड बसलाय, सांधे भरलेत, खाली ड्रॉवर फिरलेत. आता कोण फोडणार? ती तक्रार करते का? पाट तर तिचाच आहे, बसायला वापरायचीच की. शिवाय ताईकडेही ओटा एवढाच उंच आहे, तिथे चालतं? त्याचं अगदीच चूक नव्हतं. ताईकडे तिला काही करू देत नाहीत, एवढं तो सांगत नसे. आठ महिने तो जिंकत राहिला.

मग भाचीचा वाढदिवस आला.

मी बेकिंग पावडर न घालता स्पंज करत होतो. ४ अंडी, १२० ग्रॅम साखर, १२० ग्रॅम मैदा. या केकला फुगवायला हवेशिवाय काही नसतं. अंडी आणि साखर कोमट पाण्याच्या भांड्यावर धरून फेटत जायचं; फेटणी उचलल्यावर मिश्रणाची पट्टी खाली पडून क्षणभर वर तरंगायला हवी. मग मैदा चाळून तीन वेळा, तळापासून वर उचलत, अलगद मिसळायचा. तिथून पुढे घड्याळ सुरू. वेळ घालवाल तेवढी हवा जाते. ओव्हन १८० अंशांवर तापलेला होता. आई सिंकच्या पलीकडे पाटावर उभी होती आणि आमचं काहीतरी क्षुल्लक बोलणं चाललं होतं, मेणबत्त्या आणल्या की नाही असलं.

मी भांडं ओव्हनमध्ये सरकवलं. मागे पाट खर्रकन सरकला, मग पातेलं पडलं, मग जो आवाज झाला तो मी लिहिणार नाही. पाटावर उभी आहे हे विसरून तिने मागे पाऊल टाकलं होतं.

माझे हात ओव्हनच्या दारावर होते. मी दार लावलं. नुसतं ढकललं नाही. दोन्ही हातांनी धरून हळूच लावलं, कारण त्याची स्प्रिंग कडक आहे, आपटलं तर मिश्रण हादरतं. मग मागे वळलो.

दोन सेकंद. तीन असतील.

दार उघडं टाकून धावलो असतो तर त्यावरच अडखळलो असतो. आई तिथून हातभरावर पडली होती, तापलेल्या काचेला तिचा पाय लागला असता. ही कारणं खरी आहेत, आणि सगळी मला नंतर सुचली. त्या क्षणी माझ्या डोक्यात एकच होतं, की गार हवा आत गेली तर केक बसेल.

तिचं उजवं मनगट जेवणाच्या काट्यासारखं बाक आलेलं दिसत होतं. बायको ओव्हन बंद करून गाडीची किल्ली घेऊन धावत आली. पडताना हात टेकला की नेमकं इथेच मोडतं आणि या वयात फार मोडतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. पण ते नंतर. आधी गाडीत मागच्या सीटवर आई टॉवेलात गुंडाळलेला हात मांडीवर धरून बसली होती, चेहरा पांढराफटक. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “तुझा केक बसला असेल रे.”

हे वाक्य मी चार वर्षं उलटंसुलटं करून पाहतोय. तिने मला दार लावताना पाहिलं होतं का? पडली तेव्हा तिचं तोंड माझ्याकडेच होतं. की आईच ती, स्वतःचं मनगट मोडलेलं असताना तिला खरंच केकची हळहळ वाटत होती? तिला विचारायचं धाडस मला झालेलं नाही. बायको म्हणते, तू उगाच भुई धोपटतोयस. धोपटत असेन.

केक बसलाच. केकच्या आतलं तापमान ८०-९० अंशांच्या पुढे जाईपर्यंत अंडं आणि मैदा मिळून त्या हवेच्या बुडबुड्यांना आधार देऊ शकत नाहीत. त्याआधी आंच गेली की बुडबुडे आकसतात आणि छप्पर खाली येतं. रात्री घरी येऊन पाहिलं तर कडा उभ्या होत्या, मधे खड्डा, आणि तळाशी रबरासारखा चिकट थर. चमच्याने खरवडून टाकला.

प्लास्टर सहा आठवड्यांचं होतं. पहिल्याच रविवारी मी ग्राइंडर काढला. दगड कापायचं पातं लावलं, बायको बाटलीने त्यावर पाण्याची धार धरून उभी राहिली. दगडाची ती धूळ फुप्फुसात गेलेली बरी नव्हे, म्हणून दोघांच्या तोंडाला मास्क. सिंकच्या कडेने आडवा छेद दिला, दोघांनी मिळून तो तुकडा उचलला, खालच्या विटांचे दोन थर छिन्नीने काढले. दगड नव्या मसाल्यावर बसवून लेव्हल लावली आणि सात दिवस ओलं गोणपाट घालून ठेवलं. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी संयोग होऊन होतं. लवकर वाळलं तर कच्चं राहतं. पहिल्या वेळीही मी असंच केलं होतं, दिवसातून तीनदा न चुकता पाणी मारलं होतं. सिमेंटची एवढी काळजी घेतली होती मी.

कापलेली कड पॉलिशच्या चकत्यांनी घासली, पण तिला बाकीच्या दगडाची चमक आली नाही. तुमची नजर तिथेच जाते, मला माहीत आहे. वरच्या ओट्यावरचं पाणी खाली ठिबकायचं म्हणून कडेला सिलिकॉनची बारीक पट्टी भरली आहे. तिथला ड्रॉवर आता बसत नाही. त्याच्या जागी केकची भांडी एकात एक घालून ठेवतो.

प्लास्टर निघाल्यावर हाताच्या व्यायामासाठी आईला मऊ गोळा दाबायला सांगितला होता. मी ब्रेडच्या पिठातला लिंबाएवढा गोळा तोडून तिला द्यायचो. टीव्ही बघत ती तो दाबत बसायची आणि शेवटी म्हणायची, “हा आज सैल झालाय.” बहुतेक वेळा तो खरंच सैल झालेला असायचा.

गोष्ट इथे संपली असती तर मी तुम्हाला पहिल्याच भेटीत सांगितली असती. पण आणखी दोनेक महिन्यांनी, पहाटे, पुन्हा खर्रर्र.

आई पाटावर. उंच ओट्याशी.

“आई, अगं तो ओटा तुझ्यासाठी खाली घेतला ना!”

“तिथे तुझं पीठ आहे झाकून.”

होतं. रात्रभर फुगायला ठेवलेलं, ओल्या फडक्याखाली, मोठ्या परातीत. आदल्या रात्रीही होतं. त्याच्या आदल्या रात्रीही. अडीच फुटांत दुसरं काही मावत नाही. मळायला ती जागा इतकी सोयीची निघाली, की महिन्याभरात माझी पिठं, लाटणं, वजनकाटा सगळं तिथे मुक्कामाला आलं होतं, आणि मला ते कळलंही नव्हतं.

तेव्हापासून मी पीठ रात्री फ्रिजमध्ये ठेवतो. सावकाश फुगतं, चवही चांगली येते. पण विसरतोही. पाटाच्या खाली चारी कोपऱ्यांना रबर चिकटवलं आहे, त्यामुळे आता आवाज येत नाही, आणि तो ओढला गेलाय की नाही हे मला कळत नाही. एकदा पाट माळ्यावर टाकला होता. आईने शेजारच्या मुलाला सांगून उतरवून घेतला.

आता तुम्ही म्हणाल, तर मग नक्की कुणासाठी केलीस ही पायरी? मला वाटतं तिच्यासाठी. बायकोला वाटतं माझ्या मनासाठी. वापर बघाल तर ब्रेडसाठी.

हाच प्रश्न लोक आईलाही विचारतात. परवा आत्या आली होती. पाणी प्यायला आत गेली आणि तिने विचारलंच. मी चहा गाळत होतो. आई चटकन म्हणाली, “त्याला मळायला बरं पडतं म्हणून केलाय. वाकून वाकून पाठ दुखायची त्याची.”

माझी पाठ कधीच दुखत नव्हती. मी चहा कपात ओतला आणि आत्याला साखर किती ते विचारलं.