अठरा वर्षांनी आलेला अल्बम आणि तर्री पोहे

आज सकाळी तर्री पोह्याच्या ठेल्यावर आम्ही चौघं जमलो. सगळे पन्नाशीपार. कारण काय, तर ब्रिटिश रॉक बँड रोलिंग स्टोन्सचा अल्बम ‘हॅकनी डायमंड्स’. स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम 2005 नंतर थेट 2023 मध्ये! त्यांचा गायक मिक जॅगर तेव्हा 80 चा झाला होता, अन् इथे नागपुरात बर्डीच्या मेट्रोचा जिना चढताना आमचे गुडघे बोलून राहिले.

मोबाइलवर लावला. दोन गाण्यांनंतर एक मित्र म्हणे, "फार चकाचक करून टाकलं ना बे, धूळच नाही राहिली." दुसरा भडकला, "ऐंशीव्या वर्षी असा आवाज काढून दाखव, मग बोल." पोहे थंड झाले, वाद काही संपेना. (खरं सांगू, मला पहिल्याचंच पटत होतं.)

पण बँडचा ड्रमर चार्ली वॉट्स 2021 मध्ये वारला आणि त्याने आधी वाजवून ठेवलेली दोन गाणी यात आहेत. त्यातल्या एकात बँडचा जुना साथी बिल वायमनही बेस गिटारवर. ती लागली तेव्हा कोणी बोललं नाही. तर्रीसाठी वाटी पुढे करताना आमच्यातला भांडखोर डोळे पुसत होता. म्हणे, तिखट आहे.

शेवटचं गाणं अमेरिकन ब्लूज गायक मडी वॉटर्सचं, ज्याच्यावरून बँडने नाव घेतलं तेच. गिटार, माऊथ ऑर्गन आणि आवाज, बस. ते दोनदा लावलं. पोहेवाले भाऊ म्हणाले, "हे बरं आहे. आधी काऊन एवढे ओरडून राहिले होते?"