पॉटचा तिसरा पाय

मे महिन्यातली दुपार. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातून फोन आला, "सर, तुमचं मशीन सूत सैल सोडतंय. अख्खा बीम गुंतला." बीम म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला मोठा रूळ. मशीन माझं नव्हतंच, सुताचा ताण मोजणारं छोटं अ‍ॅम्प्लिफायर कार्ड तेवढं माझं. पण सोलापूरच्या त्या उन्हात हा फरक फोनवर कुणाला समजावणार? स्कूटर काढली.

त्या मशीनचा लोडसेल, म्हणजे ताणाचा विजेचा सिग्नल करणारा सेन्सर, पूर्ण ताणाला जेमतेम 20 मिलिव्होल्ट देतो. पहिल्या टप्प्यात त्याचे 50 पट, दुसऱ्यात 5 पट, की ब्रेक सांभाळणाऱ्या कंट्रोलरला हवे ते 5 व्होल्ट. दुसऱ्या टप्प्यात ऑपॅम्पच्या, म्हणजे सिग्नल मोठा करणाऱ्या चिपच्या, इनपुटला 10 किलोओहमचा रेझिस्टर आणि फीडबॅकला, म्हणजे आउटपुटकडून परत इनपुटकडे येणाऱ्या वाटेवर, 100 किलोओहमचा पॉट (फिरवून रोध बदलता येणारा रेझिस्टर) टाकला होता. म्हणजे शून्यापासून दहा पटीपर्यंत हवी ती वाढ, हवा तो गेन! डिझाइन करताना याचं मला कोण कौतुक.

मीटर लावून बसलो. आकडा स्थिर. अर्धा तास झाला तरी स्थिर. वार्पिंगवरचे, म्हणजे बीमवर सूत गुंडाळणारे, मामा सोलापूरच्या पूर्व भागातले, वयस्कर. भाकरीवर शेंगाचटणी घेत म्हणाले, "आत्ता काय दिसणार सर? पलीकडचे माग बंद हायत. सुट्टी संपू द्या."

सुट्टी संपली, माग खडखडायला लागले, आणि मीटरवरचा आकडा मधूनच 10 व्होल्टच्या वर उडी मारून परत यायला लागला. पॉटच्या दांड्यावर बोट दाबून धरलं, उड्या थांबल्या.

मग सगळं उलगडलं. आत कापसाचं तूस गेलेलं, त्यात हादरे. पॉटचा सरकता संपर्क क्षणभर उचलला जायचा. मी पॉटचे दोनच पाय वापरले होते, तिसरा मोकळा. संपर्क सुटला की फीडबॅकच तुटायचा. फीडबॅक नसलेला ऑपॅम्प म्हणजे दावं तुटलेला बैल. आउटपुट थेट 12 व्होल्टच्या सप्लायला जाऊन भिडायचा. कंट्रोलरला वाटायचं ताण फार वाढला, तो ब्रेक ढिला करायचा. माझ्या टेबलावर हे कधीच दिसलं नसतं. तिथे माग कुठून येणार?

मोकळा पाय मधल्या, म्हणजे सरकत्या संपर्काच्या, पायाला सोल्डर केला. आता संपर्क सुटला तरी 100 किलोओहम तरी राहणार, पण गेन दहा, म्हणजे दुपटीची चूक. तेवढ्यानेही ब्रेक सुटेलच. म्हणून दुसऱ्या दिवशी पॉटच काढला. 47 किलोओहमचा पक्का रेझिस्टर, त्याच्यापुढे सिरीजमध्ये 10 किलोओहमचा बंद डबीतला ट्रिमर (छोटा पॉट), तिसरा पाय बांधलेला. गेन 4.7 ते 5.7. सगळ्यात वाईट वेळी तो 5.7 वर जाईल, पुढे नाही. लोडसेलमधला फरक जुळवायला एवढी जागा पुरते. बाकीची मोकळीक ग्राहकाने मागितलीच नव्हती. नेमका किती गेन लागेल याचं गणित टाळायला मीच ती ठेवली होती.

मामांनी ट्रिमरकडे बघितलं. "हे फिरवलं तर काय होतंय?"

"फारसं काही नाही."

"मग बरंय," म्हणाले आणि बीमकडे वळले.