शॉट, अँगल आणि तलावपाळी

सध्या डोक्यात कॅमेऱ्याशिवाय काही नाही. वाईड (लांबून, सगळं दिसणारा), मिड (कमरेपर्यंतचा), क्लोजअप (फक्त चेहऱ्याचा) ही शॉटची नावं कुणीही सांगतं, ती पाठ होतात, पण खरी मजा अँगल आणि अंतरात आहे असं मला ठामपणे वाटतं.

लो अँगलचंच बघा. कॅमेरा खाली, माणूस एकदम दांडगा दिसतो. १९४१ च्या 'सिटिझन केन' या सिनेमात दिग्दर्शक ऑर्सन वेल्स आणि कॅमेरामन ग्रेग टोलंडने कॅमेरा इतका खाली नेला की सेटची जमीन तोडावी लागली, आणि खालून बघताना वरचं छत दिसणार म्हणून कापडाचं छत ताणलं आणि माईक त्याच्या वर लपवले. काय डोकं आहे यार!

परवा ठाण्याच्या तलावपाळीला मैत्रिणीला कट्ट्यावर बसवून एकच फ्रेम दोनदा घेतली. २४ एमएमला (जास्त जागा दाखवणारी वाईड लेन्स) चेहरा मोठा हवा तर अगदी तोंडाजवळ जावं लागतं, मग नाक पुढे येतं आणि मागच्या बोटी पार लांब पळतात, ८५ एमएमला (लांबचं जवळ आणणारी लेन्स) मागे सरकत सरकत पाणीपुरीवाल्यापर्यंत गेले तर चेहरा तेवढाच पण त्याच बोटी तिच्या खांद्याला टेकल्यासारख्या! हा फरक लेन्सपेक्षा आपण किती लांब उभे आहोत त्याचा असतो, हे कळलं तेव्हा फार भारी वाटलं.

१८० डिग्रीचा नियम सोपाय, दोघं बोलत असतील तर कॅमेरा त्यांच्यातल्या रेषेच्या एकाच बाजूला ठेवायचा, नाहीतर कोण कुणाकडे बघतंय कळत नाही. पुढच्या रविवारी ठाण्यातल्याच उपवन तलावावर हेच करून बघणारे, कुणाला यायचं असेल तर या.