आमची वाटचाल : लहान जहाज आणि राखलेलं अंतर

पुण्यात एका छोट्या गाळ्यात कंपनी सुरू केली तेव्हा आमच्या सहली दोनच होत्या. भिगवणचे रोहित पक्षी आणि वेळासची कासवं. वेळासच्या किनाऱ्यावर दोरीच्या अलीकडे गप्प उभं राहायचं, पिल्लं आपापली समुद्राकडे जातात ती बघायची. आम्हा नवरा-बायकोचा धंदा याच शिस्तीवर उभा राहिला. पुढे नेहमीची मंडळीच म्हणू लागली, "आता जरा लांब न्या." त्यातून स्वालबार्ड ठरलं. नॉर्वेच्या उत्तरेचा द्वीपसमूह, त्यातलं मुख्य गाव लाँगइयरब्येन ७८ अंश उत्तरेला.

मोठं क्रूझ जहाज आम्ही घेतलं नाही. लहान जहाज चिंचोळ्या खाडीत शिरतं, आणि सगळे प्रवासी एकाच वेळी रबरी होड्यांत बसून पाण्यावर उतरू शकतात. महाराज सोबत नेता येत नाही हे आधीच सांगतो. जहाजाचा शेफ शाकाहारी जेवण नीट करतो, मेतकूट आणि लसणाची चटणी आपली आपण न्यायची. व्हिसा मात्र दुहेरी प्रवेशाचा शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक, लागतो, कारण स्वालबार्ड शेंगेनच्या बाहेर आहे आणि परत यायचं नॉर्वेतूनच.

हिनलोपन सामुद्रधुनीतला अल्केफ्येलेट या पक्ष्यांच्या कड्याचा दिवस आमच्या सहलीचा गाभा. कडा दिसण्याआधी विष्ठेचा उग्र वास येतो, मग कल्लोळ. सरळ तुटलेले काळे कडे आणि प्रत्येक कंगोऱ्यावर खांद्याला खांदा लावून ब्रुनिक्स गिलेमॉट हे समुद्रपक्षी, सुमारे साठ हजार जोड्या. जुलैअखेर पिल्लं उड्या मारू लागतात. तीन आठवड्यांचं पिल्लू, उडता येत नाही, तरी कड्यावरून स्वतःला झोकून देतं. गल पक्षी टपलेले असतात, खाली कोल्हा फिरत असतो. पाण्यात पडलं की बाप हाका मारत त्याला गाठतो आणि दोघं पोहत खुल्या समुद्राकडे निघतात. आई सोबत जात नाही. आमच्या सहलीतल्या एक सत्तरीच्या काकू होडीच्या कडेला घट्ट धरून सारखं विचारत होत्या, "सापडला का रे त्याला बाप?" सापडला तेव्हा होडीतल्या सगळ्यांनीच सुस्कारा सोडला.

"अस्वल नक्की दिसणार ना?" हा चौकशीतला पहिला प्रश्न. आम्ही हमी देत नाही. १ जानेवारी २०२५पासून ध्रुवीय अस्वलापासून किमान ३०० मीटर लांब राहावं लागतं, मार्च ते जून ५०० मीटर. व्यवसायातल्या काहींना हा नियम जाचक वाटला, आम्हाला तो मनापासून पटला. समुद्रावरचा बर्फ आटतोय, अस्वलाला शिकारीचे दिवस कमी मिळतात. त्यात आपल्यामुळे त्याला उठून जावं लागू नये. लांबून का होईना, ते आपल्या चालीनं चालताना दिसतं.

स्वालबार्डमधल्या न्यू-ऑलेसुंद या शास्त्रज्ञांच्या वस्तीत भारताचं 'हिमाद्री' संशोधन केंद्र आहे, २००८पासून. ते चालवते गोव्यातली आपली ध्रुवीय संशोधन संस्था. तिथे उतरताना मोबाइलचं वायफाय, ब्लूटूथ बंद करायचं, शास्त्रज्ञांच्या उपकरणांना त्याचा अडथळा होतो. दारावरचं नाव वाचून आपली माणसं हरखून जातात.

आता आम्ही जुलैअखेरच्याच तारखा धरतो. तोवर हिनलोपनमधला बर्फ बहुधा वाट देतो आणि पिल्लांच्या उड्याही सापडतात. गट लहानच ठेवतो, आणि दुर्बीण प्रत्येकाला स्वतंत्र, ती आमच्याकडून.