काकांची दोन घड्याळे : भरीव सोने की मुलामा, हे ठरवताना आलेला अनुभव

माझे थोरले काका १९६०च्या आसपास व्यापारी जहाजांवर नोकरीला होते. जहाज एडन बंदरात थांबले की तिथल्या करमुक्त बाजारात स्विस घड्याळे मिळत, आणि काकांनी तिथून आणलेली दोन मनगटी घड्याळे त्यांच्या पश्चात कपाटात राहिली. एक ओमेगाचे, साध्या तबकडीचे. दुसरे दोन लहान उपतबकड्या असलेले क्रोनोग्राफ, म्हणजे वेळ मोजण्याचीही सोय असलेले घड्याळ, ज्यावर कोणत्याही नामांकित कंपनीचे नाव नव्हते, फक्त ‘क्रोनोग्राफ सुइस’ असे लिहिलेले होते. वाटणीच्या यादीत मात्र दोन्हींपुढे ‘सोन्याचे घड्याळ’ एवढीच नोंद होती. चुलत बहीण रत्नागिरीला, चुलत भाऊ मस्कतला, आणि मी पुण्यात. शिवाय या वाटणीत माझा स्वतःचा हिस्सा नसल्यामुळे दोघांनीही ती तपासून घेण्याचे काम माझ्यावर सोपवले. दोन्ही घड्याळांत सोने किती आहे आणि ते नेमके कुठे आहे, हे कळल्याशिवाय वाटणी न्याय्य होणार नव्हती.

घरी पाहताना सगळ्यांचा कल ओमेगाकडे होता. त्याचे नाव मोठे, रंग एकसारखा पिवळा, आणि हातात घेतले की ते जड लागे. क्रोनोग्राफ आकाराने मोठे असूनही हलके वाटत होते आणि त्याच्या मागच्या झाकणावर तांबूस डाग पडले होते. वजन आणि रंग या दोन्ही गोष्टी घड्याळाच्या बाबतीत फार कमी सांगतात, हे मला पुढे टप्प्याटप्प्याने समजत गेले. एकूण वजनात आतले मशीन, काच, पोलादी झाकण हे सगळे मिसळलेले असते. आणि १८ कॅरेट सोन्यात एक चतुर्थांश भाग तांबे, चांदी यांसारख्या धातूंचा असल्यामुळे घाम व दमट हवा लागून त्यावर तांबूस छटा येऊ शकते. त्यामुळे ते डाग पाहून क्रोनोग्राफला खोटे ठरवणे योग्य नव्हते.

पहिल्यांदा मी लक्ष्मी रस्त्यावरच्या एका सराफी दुकानात गेले. तिथल्या गृहस्थांनी घड्याळे उलटीपालटी करून विचारले की यावर हॉलमार्क आणि एचयूआयडी (प्रत्येक दागिन्याचा स्वतंत्र ओळखक्रमांक) कुठे आहे, आणि ते नसेल तर आम्ही सोने म्हणून पाहू शकत नाही. ही अडचण अनेकांना येत असेल, म्हणून येथे स्पष्ट लिहिते. भारतात सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्कची सक्ती १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरांकांच्या एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचे दागिने दुकानदाराला विकता येत नाहीत. परंतु कुंदन, पोलकी, जडाऊ यांच्याप्रमाणेच घड्याळे आणि फाउंटन पेन यांनाही या सक्तीतून वगळलेले आहे. शिवाय साठ वर्षांपूर्वी परदेशात घडलेल्या वस्तूवर भारतीय मानक ब्यूरोची खूण असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणजे ती खूण नसणे हा सोन्याच्या बाजूने किंवा विरुद्ध कोणताच पुरावा नव्हे.

हे शांतपणे सांगितल्यावर त्यांनी दोन्ही घड्याळे कॅरेटोमीटरवर ठेवली. हे यंत्र क्ष-किरण टाकून धातूचे घटक ओळखते, त्याला काही क्षणच लागतात आणि वस्तूला ओरखडाही पडत नाही. दोन्हींचा आकडा शेकडा पंचाहत्तरच्या आसपास आला, आणि दोन्ही १८ कॅरेटची आहेत असे मला सांगण्यात आले. बहुतेक जण येथेच थांबतात, आणि माझ्या मते खरी गफलत येथेच होते. हे यंत्र सोन्याच्या पृष्ठभागाखालचे जेमतेम काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) ‘पाहते’. दागिन्यांवरचा नेहमीचा पातळ मुलामा ते सहज पकडते, कारण खालचे तांबे किंवा पितळ त्याच्या आकड्यांत डोकावते. पण त्या काळच्या चांगल्या स्विस घड्याळांवरचा मुलामा वीस मायक्रॉन किंवा त्याहून जाड असे, आणि एवढ्या जाड थराखालचा धातू यंत्राला दिसतच नाही. म्हणून जाड मुलामा आणि भरीव सोने यांचा आकडा सारखाच येऊ शकतो.

दुकानातल्या कारागिराने मग कानशीने एका कोपऱ्यावर घासून कसोटीच्या दगडावर कस लावण्याची तयारी दाखवली. दागिना मोडीत द्यायचा असेल तर ही पद्धत रास्त आहे, पण घड्याळाच्या केसवर, म्हणजे मशीन बसवलेल्या बाहेरच्या धातूच्या कवचावर, एक खाच पडली की तिची मूळ धार पुन्हा येत नाही आणि संग्राहकांच्या दृष्टीने तिचे मोल तिथेच उतरते. मी नम्रपणे नकार दिला. धातूचा तुकडा वितळवून केली जाणारी अग्निपरीक्षा सर्वांत विश्वासार्ह मानतात, पण त्यासाठीही नमुना कापून द्यावा लागतो, त्यामुळे तोही मार्ग माझ्यासाठी बंद होता.

यानंतर मी ज्यांच्याकडे गेले ते घड्याळजी वयाने मोठे, आणि किल्लीची घड्याळे दुरुस्त करण्यातच त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी यंत्राचा आकडा ऐकून घेतला, पण त्यावर काही मत न देता डोळ्याला भिंग लावले आणि ओमेगाचा पट्टा काढला. पट्टा जिथे अडकतो त्या कानांच्या टोकांवर, बाहीची कड वर्षानुवर्षे घासत राहिल्याने, सोनेरी रंगाची एक बारीक सीमारेषा दिसत होती; तिच्या पलीकडचा पिवळा किंचित फिका आणि हिरवट होता. भिंगातून मलाही ती रेषा दाखवताना ते म्हणाले, “ताई, भरीव सोनं झिजलं तरी आत सोनंच लागतं. इथं रंग बदललाय, म्हणजे खाली पितळ आलं.” त्यानंतर मागच्या बाजूला त्यांनी सूक्ष्म अक्षरे वाचून दाखवली. ‘प्लाके ऑर’ म्हणजे सोन्याचा मुलामा, ‘जी’ म्हणजे तो विद्युत्प्रक्रियेने चढवलेला, आणि पुढे ‘२० मायक्रॉन’ ही जाडी. मागच्या झाकणावर ते पोलादी असल्याची फ्रेंच नोंदही होती. कंपनीने काहीच लपवलेले नव्हते. घड्याळावरच सगळे लिहिलेले होते, फक्त पट्टा काढून ते वाचणारे कोणी भेटले नव्हते. ओमेगा हातात जड का लागते याचे उत्तरही त्या पोलादी झाकणात होते.

पुढे मी त्याच सराफी दुकानात जाऊन कानाचे ते झिजलेले टोक यंत्राखाली धरायला सांगितले, तेव्हा तांबे आणि जस्त लगेच आकड्यांत उमटले. जुन्या घड्याळाची यंत्रावर तपासणी करायचीच असेल तर ती सर्वांत झिजलेल्या जागी करावी, असा माझा आग्रह राहील. चकचकीत मधल्या भागावर घेतलेल्या आकड्याला मी फारसा अर्थ देणार नाही.

क्रोनोग्राफचे झाकण उघडण्याची वेळ आली तेव्हा मला अधिक उत्सुकता होती. झाकणाच्या आतल्या बाजूला ‘१८ के’ आणि ‘०.७५०’ हे आकडे, केस घडवणाऱ्याची क्रमांकासह लहानशी खूण, आणि त्यांच्याजवळ एका स्त्रीचे मस्तक कोरलेले होते. हे मस्तक हेल्वेशियाचे, स्वित्झर्लंडचे प्रतीक मानल्या जाणाऱ्या स्त्रीचे. सोन्याच्या घड्याळांच्या केस सरकारी तपासणीतून नेण्याची पद्धत त्या देशात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आहे. त्या व्यवस्थेत १८ कॅरेटसाठी हेल्वेशियाचे मस्तक आणि १४ कॅरेटसाठी खार अशा खुणा असत, आणि १९९५ पासून त्यांच्या जागी सेंट बर्नार्ड कुत्र्याच्या मस्तकाची एकच खूण आली. त्यामुळे खूण कोणती आहे यावरून केसच्या काळाचाही अंदाज येतो. मुलाम्याच्या घड्याळावर यांपैकी कोणतीही खूण कायद्याने मारता येत नाही.

परंतु त्या सोनेरी झाकणाच्या आत आणखी एक झाकण निघाले, आणि ते पांढरट, साध्या धातूचे होते. घड्याळजींनी सांगितले की अशी क्रोनोग्राफ दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या संख्येने बनली. त्यांत लॅन्डेरॉन या स्विस कंपनीचे तुलनेने स्वस्त मशीन बसवलेले असे, आणि बाहेर १८ कॅरेटचा अतिशय पातळ पत्रा दाबून घडवलेली केस असे. पत्रा इतका पातळ की आधारासाठी आत साध्या धातूचा सांगाडा लागतो; बोटाने दाबले तर झाकण किंचित लवते. म्हणजे केसचे सोने आरपार सोनेच आहे, त्याखाली दुसरा धातू चिकटवलेला नाही, पण त्याची जाडी फार थोडी आहे. भरीव म्हटले की सोने भरपूर असणार, हा आपल्याकडचा दागिन्यांवरून बनलेला समज घड्याळांना लागू पडत नाही.

खुणा बनावटही मारल्या जातात, म्हणून मी त्यांना विनंती केली की सुटे केलेले भाग घनतेवरून तपासावेत. ही जुनी आणि वस्तूला इजा न करणारी रीत आहे: भाग आधी हवेत तोलायचा, मग दोऱ्याने पाण्यात टांगून तोलायचा, आणि हवेतल्या वजनाला दोन्ही वजनांतील फरकाने भागायचे. क्रोनोग्राफचे मागचे झाकण हवेत ४.६२ ग्रॅम आणि पाण्यात ४.३२ ग्रॅम भरले, म्हणजे घनता १५.४ आली. १८ कॅरेट पिवळ्या सोन्याची घनता साधारण १५ ते १६ असते, पितळाची साडेआठच्या आसपास आणि पोलादाची आठच्या जवळ. त्यामुळे शंकेला जागा उरली नाही. संपूर्ण घड्याळ बुडवून ही चाचणी करता येत नाही, हे सांगायला नको. मशीन बाहेर काढलेले हवे आणि भाग एकसंध हवा.

हिशेब त्यानंतर सोपा होता. क्रोनोग्राफची चावी आणि दोन्ही दट्टे नंतर बदललेले, मुलाम्याचे निघाले, म्हणून ते वगळले. झाकण, बेझल (काचेभोवतीची कड) आणि मधली कडी मिळून सुमारे ११ ग्रॅम, म्हणजे शुद्ध सोने सव्वाआठ ग्रॅमच्या आसपास. ओमेगाच्या बाबतीत मुलामा चढलेला पृष्ठभाग बारा चौरस सेंटिमीटर धरला आणि जाडी वीस मायक्रॉन, जी साध्या कागदाच्या जाडीचा सुमारे पाचवा हिस्सा आहे, तर सगळा थर मिळून अर्धा ग्रॅमही भरत नाही. तो काढून घेण्याचा खर्च त्याच्या किमतीहून अधिक होईल. मोडीच्या भावाने पाहता ओमेगात सोने नाहीच, असे समजणे व्यवहार्य आहे.

यावरून ओमेगा कमी प्रतीचे ठरते असे मी मुळीच मानत नाही. त्यातले मशीन क्रोनोग्राफच्या मशीनपेक्षा कितीतरी उत्तम आहे, आणि चांगल्या स्थितीतल्या मुलाम्याच्या ओमेगाला त्यातल्या सोन्याशी काही संबंध नसलेली किंमत मिळते. त्या काळी मुलाम्यापेक्षाही जाड सोन्याचे कवच पोलादावर बसवलेल्या केस मिळत. कार्टिएने १९७०च्या दशकात मुस्त मालिकेतली घड्याळे चांदीवर वीस मायक्रॉनचे सोने चढवून काढली, आणि ती आजही आवडीने घेतली जातात. याउलट रोलेक्सच्या दुरंगी घड्याळांत बेझल, चावी आणि पट्ट्याच्या मधल्या कड्या १८ कॅरेट भरीव सोन्याच्या असतात व बाकी पोलाद असते. टायटनच्या नेब्युला मालिकेतही भरीव १८ कॅरेट सोने वापरतात. मला गैर वाटते ते एवढेच की विकणारा ‘गोल्ड’ हा एकच शब्द या सगळ्यांसाठी वापरतो आणि घेणारा पुढे काही विचारत नाही.

देखभालीच्या दृष्टीने फरक मोठा आहे. भरीव केसला पॉलिश करता येते, मात्र प्रत्येक पॉलिशमध्ये सोने थोडे जाते, आणि आमच्या क्रोनोग्राफसारख्या पातळ पत्र्याला दोन-तीन जोरकस पॉलिशनंतर कोपऱ्यांवर भोके पडू शकतात. मुलाम्याच्या केसला पॉलिशचे चाक लावूच नये. ओमेगावर नव्याने सोने चढवून देण्याची तयारी एकाने दाखवली होती, पण त्यासाठी झिजलेला थर आधी घासून सपाट करावा लागतो आणि त्यात मागची सूक्ष्म अक्षरे पुसली जातात, म्हणून ती सूचना आम्ही स्वीकारली नाही. घामाचे क्षार कानांच्या टोकांशी साचू नयेत यासाठी वापरल्यानंतर मऊ कापडाने पुसणे आणि पावसाळ्यात ते न घालणे, एवढेच घड्याळजींनी सुचवले.

वाटणीच्या कागदात आता ‘सोन्याचे घड्याळ’ हे शब्द राहिलेले नाहीत. क्रोनोग्राफपुढे १८ कॅरेट, केसचे सोने सुमारे ११ ग्रॅम, आतले झाकण साध्या धातूचे, असे लिहिले आणि त्या दिवशीचा १८ कॅरेटचा भाव धरला. ओमेगापुढे वीस मायक्रॉन मुलामा, झाकण पोलादी, असे लिहून त्याची किंमत चालू स्थितीतले जुने घड्याळ म्हणून दोन घड्याळजींच्या अंदाजांवरून ठरवली. खुणांची भिंगातून घेतलेली छायाचित्रे आणि वजनांची नोंद दोघांकडेही दिली. क्रोनोग्राफ मोडीत घालावे असे सुरुवातीला म्हणणाऱ्या भावानेच ते पाहून ते तसेच ठेवण्याचे ठरवले आणि बँकेच्या लॉकरमध्ये ठेवले. ओमेगा बहिणीने घेतले; मशीनची साफसफाई आणि नवे तेल घालून ते रत्नागिरीला रवाना झाले आहे.