सेमी ऑटोमॅटिकची खडखड: ड्रायर उघडल्यापासूनच्या नोंदी

कपडे धुण्याची मशीन, सेमी ऑटोमॅटिक, ७ किलोची, आठेक वर्षं वापरातली. न्हाणीमागच्या ओट्यावर उभी. पाणी बोअरचं, पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे खारट. तक्रार अशी की धुताना थोडी खरखर आणि ड्रायर लावला की अख्खा ओटा हलतो.

नोंद १. पाना हातात घेण्याआधी कान लावायचा. टबात कपडे न टाकता वीसेक लिटर पाणी घेऊन पाच मिनिटं धुणं चालवलं, मग रिकामा ड्रायर फिरवला. धुताना तळातून खर्र-खर्र. ड्रायर उचल घेताना धडधड, वेग आल्यावर कमी, ब्रेक लागताना एक ठसठशीत ‘खट’. एवढ्यावरून अर्धं काम होतं: खरखर म्हणजे टबाच्या तळाशी फिरणाऱ्या पंख्याखाली कचरा, धडधड म्हणजे कपलिंग (ड्रायरचा टब आणि मोटर यांचा जोड) किंवा खालचे रबर, किंचाळी म्हणजे ब्रेक नाहीतर पट्टा, आणि ‘घूं’ करून जागीच बसली तर कपॅसिटर (मोटरला उचल देणारा विजेचा डबा). मिस्त्री आल्या आल्या मोटर खोलायला लागला तर त्याला थांबवा.

पाणसळ लावून पाहिली, मागचा डावा पाय अधांतरी. काळ्या मातीवरच्या ओट्याला हे चालायचंच. उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसाळ्यात माती फुगते, फरशी तिच्यासोबत वर-खाली होते. जुन्या टायरचा तुकडा कापून पायाखाली दिला. लाकडाची पाचर नको, ती भिजते, सरकते. पातळी वर्षातून दोनदा बघावी, मृगाआधी आणि दिवाळीनंतर.

नोंद २. प्लग काढून पंख्याचा मधला स्क्रू सोडवला. पंखा निघेना. त्याच्या दोन बाजूंनी सुतळी खालून ओवून दोन्ही टोकं सरळ वर ओढली तेव्हा सुटला. पेचकसाने उचकटला तर काठ तुटतो. खाली सापडलं ते असं: शर्टाचं एक बटण, एक रुपयाचं नाणं, केसांची पिन आणि तीन सरक्या. कापूस वेचणीच्या दिवसांत खिशातून सरकी येतेच. भिजली की फुगते आणि पंखा नि टबाच्या फटीत घट्ट बसते. दाते असलेल्या शाफ्टवर खाराचा पांढरा थर होता. बादलीभर कोमट पाण्यात १०० ग्रॅम लिंबूसत्व टाकून पंखा तासभर बुडवला, शाफ्टला त्याच पाण्याची चिंधी गुंडाळली. मग साध्या पाण्याने धुऊन, वाळवून, दात्यांवर पाण्याला दाद न देणारं ग्रीस नखभर. खरखर गेली.

पट्टा काढून मोटर एकटी चालवली, आवाज नाही. (पट्टा काढूनही आवाज राहिला तर दोष मोटरचा, गेला तर गिअरबॉक्स किंवा पट्ट्याचा.) पट्टा परत चढवताना मधोमध अंगठ्याने दाबला की १० ते १२ मिमी वाकावा. त्याहून ताणला तर चिरचिर थांबते खरी, पण गिअरबॉक्सचं बेअरिंग खाल्लं जातं.

नोंद ३. खरं दुखणं ड्रायरकडेच निघालं. मागचं झाकण काढलं की खाली मोटर, तिच्यावर ब्रेकचा ड्रम आणि कपलिंग दिसतं. टबाचा शाफ्ट मोटरला इथेच जोडलेला असतो. एका हाताने मोटर धरून दुसऱ्याने टब डावी-उजवी फिरवून पाहिला तर बोटभर रिकामी चाल. तोच तो ‘खट’. कपलिंगचा बोल्ट सैल होता. नुसता आवळून भागत नाही: आधी चेकनट (बोल्ट सैल होऊ न देणारा वरचा नट) सोडायचा, मग शाफ्टची सपाट बाजू बरोबर बोल्टच्या टोकासमोर आणायची, बोल्ट टेकवून आवळायचा, शेवटी चेकनट. सपाट बाजू चुकली तर बोल्ट गोल भागावर घसरतो आणि आठवड्यात पुन्हा तेच.

मोटर ज्या तीन रबरांवर उभी असते, त्यांपैकी एक चिरलेलं. बदलायचे तर तिन्ही एकदम. एक नवं, दोन बसलेले असले तर मोटर तिरकी राहते आणि धडधड कायम.

ब्रेक: झाकण बंद असताना तार ताणलेली हवी आणि पट्टी ड्रमपासून पूर्ण सुटलेली. तार लांबली असेल तर पट्टी घासत राहते, किंचाळते, जळक्या रबराचा वास येतो. इथे तारेचा हुक एक भोक पुढे घेतला, पुरलं.

आता खारपाणवाल्यांनी नीट बघावं असं एक. टबाखालच्या रबरी सीलपासून मोटरच्या माथ्यापर्यंत पांढरी, सुतासारखी रेघ उतरली होती. सील झिरपतंय, पाणी वाळतंय, खार मागे राहतोय. गोड्या पाण्यात ही गळती गंजाने फार उशिरा कळते. पूर्णेच्या खोऱ्यातल्या पाण्याचा हा एवढाच फायदा. सील आणि आतला बुश जोडीने बदलला. जुन्यावर सिलिकॉन थापू नये, फिरत्या शाफ्टला ते टिकत नाही.

नोंद ४. संध्याकाळी चाचणी, आणि ड्रायर ‘घूं’ करून थांबला. मीटरवर १८० व्होल्ट. डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) शेतांचे मोटारपंप सुरू झालेले. मोटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते, म्हणजे २३० च्या जागी १८० मिळाले तर उचलीची ताकद ६१ टक्क्यांवर. त्यात कपॅसिटर कमजोर असेल तर संपलंच. कपॅसिटरला हात लावण्याआधी त्याच्या टोकांना जुन्या १०० वॅटच्या बल्बच्या वायरी टेकवून तो रिकामा करायचा, मग मोजायचा. ५ मायक्रोफॅरडवाला ३.९ दाखवत होता. छापलेल्या आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त उतरला की बदलावा, त्याच आकड्याचा, ४४० व्होल्टचा. मोठा घातला की जोर वाढतो हा समज मोटर जाळतो.

नोंद ५. सकाळी २२५ व्होल्टवर ओल्या कपड्यांसह. एकटी चादर टाकली तर चांगली मशीनही नाचते, म्हणून कपडे कडेने सारखे दाबून, वरची जाळीची चकती बसवून फिरवलं. ही चकती विसरली की रुमाल उडून टबाबाहेर पडतो. धडधड नाही, ‘खट’ नाही.

वेग पूर्ण आल्यावर मात्र बारीक शिट्टी ऐकू येते. मोटरच्या वरच्या बेअरिंगात खारं पाणी जाऊन आलंय. त्यावर कोरलेला नंबर ६२०२ असेल तर आतलं भोक १५, बाहेरचा व्यास ३५, जाडी ११ मिमी. पंख्याची मोटर भरणाऱ्या तालुक्याच्या दुकानात मिळतं. घेताना लोखंडी झाकणाचं झेडझेड नको, रबरी झाकणाचं २आरएस मागायचं. पुढची नोंद ते बसवल्यावर.