सरोवरातला हात: १:१२ डायोरामा, काम कुठवर आलं

एक्सकॅलिबर, म्हणजे ब्रिटिश दंतकथेतल्या आर्थर राजाची तलवार; तिचा छोटा त्रिमितीय देखावा (डायोरामा) मी करतोय. एक्सकॅलिबर म्हटलं की पाण्यातून वर आलेला हात आणि त्यात उभं नंगं पातं, हेच बहुतेक मांडणीत दिसतं. आर्थरच्या कथांच्या मॅलरीच्या ग्रंथात ('ल मोर्त दार्थर', छापणारा कॅक्स्टन, १४८५) पहिला प्रसंग वेगळा आहे. तळ्याच्या मधोमध पांढऱ्या भरजरी रेशमाच्या बाहीतला हात तलवार धरून असतो. सरोवराची स्वामिनी मात्र बाजूला, पाण्यावरून चालत येते. तलवार माझी आहे म्हणते आणि होडीतून जाऊन ती म्यानासकट घ्यायला आर्थरला सांगते. तो मुठीला धरून तलवार उचलतो, हात पाण्याखाली जातो. हात कुणाचा, ते त्या प्रसंगात सांगितलेलंच नाही.

आर्थरला मूठ मोकळी मिळायची तर पाण्यातल्या हाताने म्यान धरलेलं हवं, असा अर्थ लावून मांडणी ठरवली. पातं परजणारा हात शेवटच्या प्रसंगातला: आर्थरचा सरदार बेडिव्हिअर तलवार पाण्यात फेकतो, हात ती झेलून तीनदा हलवतो. तोवर म्यान आर्थरच्या सावत्र बहिणीने, मॉर्गनने पळवून तळ्यात टाकलेलं असतं. आणि जादूगार मर्लिनच्या हिशेबी म्यानाचं मोल दहा तलवारींचं, कारण ते अंगावर असताना रक्त वाहत नाही. त्यामुळे दोन्ही प्रसंगांची सरमिसळ करू नका.

मापं अशी. म्यान ७२ मिमी लांब, ५ मिमी रुंद. मूठ शेंड्यापर्यंत १९ मिमी. आडवी परज (मूठ आणि पात्यामधली पट्टी) १७ मिमी. म्यानासाठी आइस्क्रीमची काडी घासून घेतली, वर पातळ कागद गुंडाळला. मोहनाळ (म्यानाच्या तोंडाची पट्टी) आणि तहनाळ (टोकाची टोपी) पितळी पत्र्याच्या. ही १५व्या शतकाची तलवार झाली. दंतकथेतला आर्थर ५व्या-६व्या शतकातला धरायचा तर परज जवळजवळ नकोच.

हाताचा सांगाडा १.५ मिमी तांब्याच्या तारेचा, पायाच्या लाकडात १० मिमी खोल रोवलेला. मांस एम-सीलचं. दोन्ही भाग सारखे घेऊन रंग एकजीव होईपर्यंत मळायचे. पट्टे राहिले तर तिथे ते मऊच राहतं. म्यानाला व्हॅसलीन लावून त्याच्याभोवतीच बोटं वळवा. कडक झाल्यावर म्यान ओढून काढता येतं आणि दोन्ही वेगळे रंगवता येतात. चार बोटांची मिळून रुंदी ७ मिमीच्या वर गेली की हात बाईचा न वाटता पैलवानाचा वाटतो. हात म्यानाच्या साधारण मध्यावर पकडतो आणि म्यान १५ अंश कललेलं आहे, म्हणजे टोक मनगटाला चिकटत नाही. हाताने म्यान आणखी वरच्या बाजूला पकडलं तर टोक तळाला टेकेल, कारण पाणी फक्त २४ मिमी खोल आहे.

बाहीसाठी टिश्यू पेपर, निम्मं पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून. रंग शुद्ध पांढरा नको. हस्तिदंती थर, घड्यांत निळसर राखाडी, जरीसाठी सोनेरी रेघा न ओढता ठिपके. बाही कोरडी ठेवली आहे. पाण्यातून आलेलं कापड कोरडं दिसलं की डोळा अडखळतो, आणि या गूढ हाताच्या बाबतीत तो अडखळायलाच हवा.

आता रेझिन, म्हणजे तळ्याचं पाणी. हे हार्डनर मिसळल्यावर घट्ट होतं. साचा ९० × ९० मिमी, ६ मिमीचे चार थर, म्हणजे प्रत्येकी सुमारे ४९ मिलि. ५५ मिलि कालवा, कारण कपाला चिकटून काही जातंच. डब्यावरचं प्रमाण वजनाचं आहे की आकारमानाचं, हे आधी वाचा. हार्डनर सहसा रेझिनपेक्षा हलका असतो, त्यामुळे २:१ आकारमानाचं मिश्रण काट्यावर २:१ मोजलं तर हार्डनर जास्त पडतो आणि पृष्ठभाग चिकट राहतो. सगळं एकदम ओतलं तर आतली उष्णता बाहेर पडत नाही. रेझिन पिवळं पडतं, तडकतं.

पहिला थर जवळजवळ काळा, दुसरा गढूळ हिरवट, वरचे दोन स्वच्छ. रंगासाठी अल्कोहोल इंक किंवा टूथपिकच्या टोकावर ऑइल पेंट. पाण्यातला ॲक्रिलिक घातला तर धुरकटपणा येतो. म्यानाचं टोक १२ मिमी खाली, स्वच्छ थरांतच संपतं. रेझिनचा अपवर्तनांक सुमारे १.५ असल्यामुळे वरून पाहताना ते ८ मिमीवरच दिसतं. हाताची तार मात्र काळ्यात शिरते. खाली शरीर घडवू नका, कितीही मोह झाला तरी. निळा एलईडीसुद्धा नको.

बुडबुडे येतात ते लाकडातून आणि कागदातून. पाया, म्यान, बाही या सगळ्यांना आधी लॅकरचे दोन हात द्या; नाहीतर रेझिन टिश्यूत झिरपून बाही मेणकागदासारखी पारदर्शक होते. घड्यांत ओतण्याआधी ब्रशने रेझिन फिरवून घ्या. पुढचा थर आधीचा चिकटसर असताना ओतावा. तो पूर्ण कडक झाला असेल तर २४० नंबरच्या पेपरने घासून, आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसून मगच.

तीन थर झाले आहेत, चौथा थांबवला आहे. मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत हार्डनर ओलावा धरतो आणि वर तेलकट, दुधाळ साय येते. साय कोमट साबणाच्या पाण्याने निघते, पण बाही शेजारी असताना ते करणार कोण? कोरडी हवा मिळेपर्यंत साचा सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात बंद.

चौथ्या थरात रेझिन मनगटावर १-२ मिमी चढेलच, पृष्ठताणामुळे. ती कड ग्लॉस जेलच्या (वाळल्यावर पारदर्शक, चकचकीत होणारं ॲक्रिलिक जेल) पहिल्या तरंगाखाली झाकली जाते. तरंग तीनच, हाताच्या जवळ; बाकी तळं सपाट. जेल १ मिमीपेक्षा जाड लावलं तर आतून बरेच दिवस पांढरं राहतं, म्हणून दोन पातळ हात. साच्याच्या भिंती काढल्यावर बाजू ४०० ते २००० नंबरच्या वॉटर पेपरने ओल्या घासून पॉलिश करायच्या. होडी त्यानंतर, वेगळ्या पायावर.